निकाली कुस्ती आणि तुमचे दाजी

उमरगा,
मंगळवार

तीर्थस्वरूप बुद्धघोष मामा यांस,
श्रावस्तीचा सविनय जयभीम.

इकडं आम्ही सगळे सुखरूप आहोत, म्हणजे अंगानं. तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि रामलिंगाहून येडशी स्टेशनात येऊन प्रवाशांच्या पिशव्या तपासणारी ती माकडं, या सगळ्यांची प्रकृती कळवावी. (मागच्या वेळी माझा डबा ज्यानं नेला, त्याची प्रकृती विशेष कळवावी. त्यात आईनं केलेल्या शेंगापोळ्या होत्या.) आता या जमान्यात पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या दाजींना, म्हणजे आमच्या अण्णांना, घरातला प्रत्येक फोन मोठ्या आवाजावर टाकून ऐकायची सवय आहे. त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात दिवसभर ग्राइंडर चालतो, त्यामुळं त्यांना मोठा वाटणारा आवाज थेट हायवेपर्यंत जातो. माझी गुपितं हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना कळावीत अशी माझी इच्छा नाही. म्हणून हे पत्र.

मी जो खेळ खेळते तो तुम्हाला माहीत आहे, पण मामी शेजारी बसून हे वाचून घेत असतील म्हणून थोडक्यात सांगते. मामी, टीव्हीवर दोन गडी समोरासमोर उभे असतात. आपल्या हातातल्या रिमोटवर बटणं दाबून आपण आपल्या गड्याला लढवायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या जिवाची एक पट्टी असते. मार बसेल तशी ती हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तांबडी होते, आणि संपली की गडी आडवा. वर घड्याळ चालू असतं. वेळ संपली तर ज्याची पट्टी जास्त उरली तो जिंकला. तीनपैकी दोन फेऱ्या घ्यायच्या. बस, एवढंच आहे. यात रक्त नाही, हाड मोडत नाही, चिखल नाही. तरीही आमच्या घरात या खेळापायी जे झालं, ते खऱ्या कुस्तीत झालं असतं तर दोन्हीकडची माणसं दवाखान्यात असती.

तुम्ही जाणताच की मी मानसशास्त्रात बी.ए. झाले. घराण्यातली पहिली पदवी. तुमच्या दाजींनी माझा तो काळ्या झग्यातला फोटो दुकानात ग्राइंडरच्या बरोबर वर लावला आहे, आणि ठिणग्यांनी माझ्या टोपीला दोन भोकं पडली आहेत. एवढं शिकल्यावर समाजासाठी काहीतरी करावं असं कुणालाही वाटेल. मी आजूबाजूला बघितलं तेव्हा समाज मला शब्बीरचाचांच्या गेम पार्लरमध्ये बसलेला सापडला. पोरं हरली की रिमोट आपटत, लाइटला शिव्या देत, समोरच्याच्या घराण्याचा उद्धार करत आणि तशाच तापलेल्या डोक्यानं पुढचा डाव खेळून पुन्हा हरत. सराव म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवसभर खेळायचं आणि दिवसभर तीच चूक करायची, याला ती पोरं सराव म्हणत. (आपल्याकडं बऱ्याच गोष्टींना हे लागू पडतं, पण तो विषय मोठा आहे.) म्हणून मी तिथं सकाळच्या रिकाम्या वेळात ‘मनाची तालीम’ सुरू केली. नियम सोपे ठेवले. हरल्यावर उठून पाणी प्यायचं, लगेच दुसरा डाव मागायचा नाही. एका आठवड्यात एकच चूक सुधारायची. आणि हरण्याचं कारण सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, फक्त त्यात लाइट, रिमोट आणि नशीब यांचं नाव घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम लागू केला त्या दिवशी पार्लरमध्ये इतकी शांतता पसरली की बाहेरच्या पंक्चरवाल्यानं आत डोकावून कुणी गेलंबिलं का म्हणून विचारलं.

समाजाला माझं कार्य पटलं असतं, पण शब्बीरचाचांना पटलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी प्रेमानं समजावलं, “बेटी, तुझी तालीम लई अच्छी हाय. पन चिडलेलं गिऱ्हाईकच परत परत खेळतं गं. ही पोरं आता पानी पितात आन् घरी जातात. माझा धंदा का बुडवती?” मानसशास्त्राचं इतकं खोल ज्ञान मला तीन वर्षांत एकाही प्राध्यापकानं दिलं नव्हतं.

आता उझमाबद्दल. उझमा ही शब्बीरचाचांची पुतणी, चौरस्त्यावरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, आणि माझी मैत्रीण आहे (अजून तरी). तिला या खेळात एकच डाव येतो. खाली वाकायचं आणि समोरच्याच्या पायात पाय घालून पाडायचं. समोरचा उठला की पुन्हा वाकायचं, पुन्हा पाडायचं. ती सराव करत नाही. तिला श्वासाचे व्यायाम माहीत नाहीत. ड्यूटीवरून येते, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पुडी ठेवते, दोन फेऱ्यांच्या मधे शेंगा सोलते. हरली तरी हसते, जिंकली तरी हसते आणि मला म्हणते, “लोड कायको लेती गं?” जिच्या मनावर कसलाच ताण नाही, तिला मनोबलाच्या जोरावर कसं हरवायचं हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी तिच्याकडून इतक्या वेळा पाडली गेले आहे की माझ्या त्या पैलवानिणीला उभं राहण्यापेक्षा उठण्याचाच अनुभव जास्त आहे.

म्हणून मी ठरवलं की महिनाभर एकच गोष्ट करायची. उझमाचा पाय अडवायचा आणि अडवल्याबरोबर उलटा डाव टाकायचा. पाय अडवायचा तर आपल्या गड्यानं खाली बसावं लागतं. त्यामुळं महिनाभर मी घरातल्या टीव्हीसमोर बसून माझ्या पैलवानिणीला खाली बसवत होते. तुमचे दाजी जेवायला यायचे, दारात उभे राहून बघायचे. तुम्हाला माहीतच आहे, ते स्वतः लग्नाआधी तालमीत होते आणि ते अजून तालमीतच आहेत अशा थाटात आमच्याशी बोलतात. एके दिवशी त्यांना राहवलं नाही. “मारायचं सोडून नुसती बसून काय ऱ्हाती गं ती?” मी समजावलं की अण्णा, तुम्ही नाही का एकाच डावासाठी महिनोन् महिने बैठका मारायचे, तसंच हे. तर म्हणाले, “बैठका मारल्या की मांड्या सुजत्यात. तुझं काय सुजलंय ते दाव.” मी अंगठा दाखवला. त्याला चांगला फोड आला होता. त्यांनी तो अंगठा उजेडात धरून उलटासुलटा बघितला, आत गेले, तिळाच्या तेलाची बाटली आणली आणि पाव तास चोळत बसले. मला वाटलं, बाप सुधारला. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर थांबलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला माझ्या अंगठ्याची हकिकत माहीत होती.

एवढं असूनही अट मात्र त्यांनीच घातली. आमच्या यात्रेत यंदा कुस्त्यांच्या फडाशेजारी मांडव घालून या खेळाची स्पर्धा ठेवली होती, आणि जिंकणाऱ्या एकालाच हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेत जायचं होतं. तुमचे दाजी चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले, “निकाली जिंकलीस तर हैदराबादला जा, म्या नको म्हणनार न्हाय. न्हाय जिंकलीस तर रिमोट खाली ठेवायचा आन् बँकेच्या परीक्षेला बसायचं.” चारचौघांत बोलल्यामुळं त्यांना शब्द मागं घेता येईना आणि मला नाही म्हणता येईना. (बँकेच्या परीक्षेबद्दल माझ्या मनात काही नाही. पण हे सोडून ते करावं लागलं, तर पोरांना शिकवलेलं सगळं मी कुठल्या तोंडानं शिकवलं, एवढाच प्रश्न आहे.)

स्पर्धेला पंच म्हणून यात्रा कमिटीनं हणमंतप्पा वस्तादांना नेमलं. या खेळाचा पंच कुठून आणायचा ते कमिटीला कळेना, आणि वस्तादांसाठी फेटा आधीच आणलेला होता. वस्तादांनी उभ्या आयुष्यात हा खेळ बघितलेला नव्हता. मी आदल्या दिवशी त्यांच्याकडं जाऊन फेऱ्या, पट्टी, घड्याळ असं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाडलं की झालं न्हवं? मंग मला नको शिकवू अव्वा.” त्यांच्या आत्मविश्वासाचं मला कौतुक वाटलं. आता वाटत नाही.

अंतिम डाव माझा आणि उझमाचा लागला. मी महिनाभर शांततेत सराव केला होता आणि इथं माझ्या कानामागं हलगी होती. दोन फेऱ्यांच्या मधे डोळे मिटून दहा श्वास मोजायचे, असा माझा नियम. मी डोळे मिटले की भोंग्यावरून घोषणा व्हायची, “वाघीण ध्यानाला बसलेली आहे, मंडळी!” पहिली फेरी उझमानं घेतली. दुसरी मी घेतली. तिसरीत आधी मला चांगला मार बसला, माझी पट्टी तांबडी झाली, बोटभर उरली. उझमाची अर्ध्याहून जास्त होती. पण मामा, खरं सांगते, इतकी शांत मी कधीच नव्हते. हलगी ऐकू येईना, माणसं दिसेनात. मला माहीत होतं की मला संपवायला ती आता वाकणार. आणि ती वाकली. मी तो पाय अडवला. महिनाभराचा तो एक डाव, फोडाचा, तेलाचा, बसून राहण्याचा, तो माझ्या हातातून आपोआप निघाला. पहिला ठोसा बसला, दुसरा बसला, उझमाचा गडी हवेत उडाला, तिची पट्टी भसाभस उतरायला लागली, अजून तीन ठोसे बसले की ती आडवी, आणि तिच्या तोंडातली शेंग चावायची थांबली.

आणि तुमचे दाजी उठले.

आता इथं तुम्हाला आपल्याकडची कुस्ती आठवावी लागेल. दोन पैलवान लई वेळ झटले, किंवा आपला गडी खाली जायला लागला, की त्याच्या बाजूचा एखादा जाणता माणूस फडात शिरतो, हात वर करतो, आणि पंच दोघांचे हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवतो. कुणाची पाठ लागत नाही, कुणाच्या गावाची मान खाली जात नाही. सुंदर प्रथा आहे. तुमच्या दाजींना त्या मोठ्या पडद्यावर ना माझा अडवलेला पाय दिसला, ना हवेतला उझमाचा गडी दिसला. त्यांना फक्त माझी तांबडी पट्टी दिसली. ते माणसं तुडवत स्टेजवर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, “सोडवा! वस्ताद, सोडवा! बरोबरीत सोडवा!” हणमंतप्पांना त्या मांडवात दिवसभरात एवढीच एक गोष्ट ओळखीची ऐकू आली असावी. ते तत्परतेनं पुढं झाले, एका हातानं माझं मनगट धरलं, एका हातानं उझमाचं, आणि दोन्ही उंच केली. आमचे रिमोट खाली पडले. हलगीवाल्यानं समेवर थाप मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर उझमाचा गडी धपकन खाली येऊन उभा राहिला, माझी पैलवानीणही उभी राहिली, आणि दोघं एकमेकांकडं बघत नुसती डुलत होती. शेवटी घड्याळ संपलं आणि कुस्तीच्या प्रथा माहीत नसलेल्या त्या यंत्रानं उझमा जिंकल्याचं जाहीर केलं, कारण तिची पट्टी अजून केसभर जास्त होती.

शब्बीरचाचा म्हणाले, मशीननं निकाल दिला, आता वाद नको. वस्ताद म्हणाले, “मशीन पंच हाय का मी हाय? फेटा कुनाच्या डोक्याला हाय बगा.” फेटा त्यांच्याच डोक्याला होता, त्यामुळं तो मुद्दा तिथंच मिटला. इनामाच्या पेटीत रिमोटची जोडी होती, एकेक आम्हा दोघींना देण्यात आला. हैदराबादची जागा मात्र अर्धी करता येईना.

मी अजिबात चिडले नाही. मनाची तालीम चालवणाऱ्या बाईनं सगळ्या पोरांसमोर चिडणं बरोबर दिसलं नसतं. मी फक्त खुर्ची उचलली. ती नीट ठेवायलाच उचलली होती, पण ठेवायची जागा जरा लांब निघाली. पोरं माझ्याकडं बघत होती. त्यातल्या एकानं मला अदबीनं विचारलं, “ताई, हरन्याचं कारन मोठ्यानं सांगायचं व्हतं न्हवं?” मी सांगितलं. त्यात लाइट, रिमोट आणि नशीब यांचं नाव घेतलं नाही, नियम पाळला. फक्त तुमच्या दाजींचं नाव घेतलं, आणि ते भोंग्यावर गेलं, कारण माइक चालू होता.

घरी आल्यावर मी विचारलं, अण्णा, तुम्ही असं का केलं? तर म्हणाले, “तू उतानी पडताना बघवंना.” मी म्हटलं, ती मी नव्हते, ते चित्र होतं. “चित्र असंल. केस तुझ्यावानीच व्हते.” मी म्हटलं, अहो, तुम्हालाच तर मी हरून रिमोट खाली ठेवायला हवा होता ना? मग हरू का दिलं नाही? त्यावर त्यांनी जी मान फिरवली ती भिंतीकडंच ठेवली. आता परिस्थिती अशी आहे की मी जिंकलेही नाही आणि हरलेही नाही. अटीप्रमाणं मी हैदराबादला जाऊ शकत नाही आणि रिमोटही खाली ठेवू शकत नाही. हैदराबादवाले एकच नाव मागत आहेत. म्हणून येत्या रविवारी पार्लरमध्ये उझमाची आणि माझी पुन्हा एकदा गाठ लावली आहे. हलगी नाही, भोंगा नाही, निकाल लागेपर्यंत कुणी हात धरायचा नाही, असं वस्तादांनीही कबूल केलं आहे.

बाकी सर्व क्षेम. मी रोज सराव करते आहे, मन शांत आहे, आणि खुर्चीचा पाय तुमच्या दाजींनीच वेल्डिंग करून दिला आहे. मामींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
श्रावस्ती

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. रविवारी तुमच्या दाजींना काहीही करून येडशीला बोलावून घ्या. तुमच्या गेटची बिजागरी तुटली आहे असं सांगा. लग्नाला, बारशाला, मयताला ते नाही म्हणतील, पण मोडक्या बिजागरीला नाही म्हणणार नाहीत. सकाळच्या एस.टी.नं निघतील आणि संध्याकाळच्या आत सोडू नका. मामींनी जेवायला जरा जास्तच आग्रह करावा. पत्र शुक्रवारी पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या, म्हणजे शनिवारी पोचेल. तेवढं पुरे.

ता. क. दुसरा : हे आईला सांगू नका असं लिहिणार होते. पण बिजागरीची कल्पना तिचीच आहे.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार एवढ्यात तुमचे दाजी शब्बीरचाचांकडून आले. चाचांनी आमचा डाव फोनमध्ये घेतला होता, तो यांनी स्वतः जाऊन बघून घेतला. चाचांनी बोट ठेवून समजावलं म्हणे, हा पाय अडवला, हे ठोसे, इथं तुम्ही उठला. घरी येऊन थेट ताटावर बसले. भाकरी मोडता मोडता आईला म्हणाले, “पोरीनं धरली व्हती गं तिला. मंग म्या कशाला उठलो?” आई म्हणाली, “मला काय इचारता? म्या तुमचा सदरा धरला व्हता, बटनं माझ्या हातात ऱ्हायली.” मग त्यांनी जाहीर केलं की रविवारी ते उमरग्यात थांबणार नाहीत. थांबलो तर पुन्हा उठणार, त्यापेक्षा येडशीला जाऊन मेहुण्याच्या गेटचं काही बघून येतो. तेव्हा तुम्ही बोलावायची गरज उरली नाही. फक्त गेटला खरोखर काही झालेलं नसेल, तर कृपा करून ते येण्याआधी काहीतरी करून ठेवा.

ता. क. चौथा : रविवारी दुपारपासून ते तुम्हाला दर घटकेला विचारतील, काय झालं, फोन आला का. मी निकाल लागेपर्यंत फोन करणार नाही. जिंकले तर मी स्वतःच करीन, मोठ्या आवाजावर टाकला तरी चालेल. आणि समजा हरले, तर मामा, त्यांना सांगा की कुस्ती बरोबरीत सुटली. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. त्यांच्या मनोबलाचा प्रश्न आहे, आणि त्यांचा सराव अजून कच्चा आहे.